पडद्याचा आजार, सोन्याचे कण आणि दोन एकर वावर

(एका निवृत्त शिक्षक सभासदाकडून)



गेल्या गळीत हंगामातील ही हकीकत आहे. माघाचे दिवस, रात्रीचे साडेदहा वाजलेले. वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग लागली होती आणि नंबर यायला अजून दोन तास तरी अवकाश होता. आम्ही चार-पाच सभासद पाचट पेटवून शेकत बसलो होतो. त्यात रिसोड तालुक्यातील एक सभासद होता. तो माझा शाळेतला जुना विद्यार्थी. मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी तो मला अजून गुरुजीच म्हणतो. बराच वेळ गप्प होता. मग जवळ सरकून हळू आवाजात म्हणाला,

"गुरुजी, एक इचारू काय? सोन्याच्या कणाचं इंजेक्शन देलं का आंधळ्याले दिसते म्हन्तात. खरं हाये काय हे?"

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारले.

त्याने मोबाईल काढून दाखवला. एक चित्रफीत होती. त्यात उंदीर, चकाकणारे कण, चष्मा लावलेला एक माणूस आणि शेवटी फोन नंबर. याने त्या नंबरवर फोन केला होता. पलीकडच्या माणसाने बारा लाख रुपये खर्च सांगितला, निम्मे अगोदर. याचे विहिरीजवळचे पाण्याखालचे दोन एकर वावर विकायला काढले होते. गिऱ्हाईकही लागले होते. इसार तेवढा घ्यायचा राहिला होता.

"पोराचे डोळे येत असतीन गुरुजी, तं वावर काय चाटाचं हाये?"

पोरगा एकोणीस वर्षांचा. आपल्याकडे शेतीपंपाची लाईन रात्रीची आली की उसाला पाणी द्यायला घरचे तरणे पोरच जाते. दोन वर्षांपासून हा मुलगा बॅटरी हातात असूनही धुऱ्यावरून दांडात पडू लागला. घरच्यांनी आधी चेष्टा केली, मग रागावले, काम चुकवतो म्हणाले. पुढे दिवसाही चुका होऊ लागल्या. समोरचे ताट दिसे, पण बाजूला ठेवलेला पाण्याचा गिलास दिसत नसे. कडेने येणारा बैल अंगावर येईपर्यंत कळत नसे. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा पडद्याचा आजार आहे, चष्म्याने जाणार नाही.

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. मी एवढेच म्हणालो, "इसार घेऊ नकोस. मला महिनाभर दे." मग मी वाचले, नेत्रतज्ज्ञांना विचारले, माझा नातू शहरात शिकतो त्याच्याकडून शास्त्रज्ञांचे लेख मागवून समजावून घेतले. त्याला जे सांगितले तेच आज सर्व सभासदांपुढे ठेवतो. कारण ती चित्रफीत त्याच्या एकट्याच्या मोबाईलवर आलेली नसणार.

डोळ्याचा पडदा म्हणजे काय?

आपण डोळ्याला कॅमेऱ्याची उपमा देतो. समोरची काच म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक भाग. त्यामागे भिंग. आणि सर्वांत मागे, डोळ्याच्या आतल्या भिंतीला अस्तरासारखा चिकटलेला एक पातळ थर असतो. त्याला शास्त्रात दृष्टिपटल म्हणतात आणि दवाखान्यात सगळे पडदा म्हणतात. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. एवढ्याशा थरात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात. दंडपेशी अंधारात आणि कडेचे पाहण्यासाठी लागतात. शंकुपेशी उजेडात, रंग ओळखायला आणि बारीक वाचायला लागतात.

या पेशी प्रकाशाचे रूपांतर विजेच्या सूक्ष्म संदेशात करतात. त्यांच्यालगत दुसऱ्या पेशींची ओळ असते, ती संदेश पुढे देते. त्यापुढे तिसरी ओळ. तिच्यातून निघालेले दहा-बारा लाख तंतू एकत्र होऊन डोळ्याची शीर बनते आणि ती मेंदूपर्यंत जाते. पाहतो तो शेवटी मेंदूच.

आता वेगवेगळे आजार कुठे कुठे होतात ते नीट ध्यानात घ्या, कारण गावात सगळ्यांची सरमिसळ होते. भिंग गढूळ झाले की मोतीबिंदू. तो शस्त्रक्रियेने बरा होतो. समोरची काच पांढरी पडली तर नेत्रदानातून मिळालेली काच बसवता येते; नेत्रदानातून पडदा मात्र बदलता येत नाही. काचबिंदूमध्ये डोळ्याची शीर सुकत जाते. मधुमेहात पडद्याच्या रक्तवाहिन्या खराब होतात. आणि या मुलाला झालेल्या आजारात प्रकाश टिपणाऱ्या पेशीच हळूहळू मरतात. आधी दंडपेशी जातात, म्हणून पहिले लक्षण रातांधळेपणा. मग कडेची नजर आवळत जाते आणि माणूस जणू नळीतून पाहतो. शेवटी शंकुपेशीही जातात. या आजाराचे डॉक्टरी नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. म्हातारपणी पडद्याचा मधला भाग झिजतो, तो आजार वेगळा. त्यात कडेचे दिसते पण समोरचा चेहरा आणि अक्षर पुसले जाते.

पॅनेल गेले, मोटार शाबूत

आपल्यापैकी पुष्कळांच्या वावरात आता सौर पंप आहे. त्यावरूनच समजून घेऊ. ऊन पॅनेलवर पडते, पॅनेल वीज तयार करते, विजेवर मोटार चालते, पाणी पाईपातून उसापर्यंत जाते. समजा गारपिटीने पॅनेल फुटले. मोटार चांगली आहे, पाईप चांगला आहे, विहिरीला पाणी आहे. तरी ऊस वाळतोच. अशा वेळी आपण मोटार बदलत नाही, पॅनेलचे काय करता येईल ते पाहतो.

या आजारांतही असेच होते. प्रकाश टिपणारी पहिली ओळ मरते, पण मागच्या दोन ओळी आणि डोळ्याची शीर पुष्कळ वर्षे जिवंत राहते. म्हणून शास्त्रज्ञांच्या मनात आले की मेलेल्या पेशींच्या जागी प्रकाशावर चालणारे दुसरे काही ठेवले आणि त्याने मागच्या ओळीला हलवले, तर मेंदूला संदेश जाईल की नाही?

यातूनच एक मर्यादाही कळते. काचबिंदूने ज्याची शीर सुकली, त्याची मोटारच जळालेली आहे. त्याला नवे पॅनेल लावून उपयोग नाही. "कोणत्याही आंधळेपणावर एकच इंजेक्शन" असे जो सांगतो, तो इथेच खोटा ठरतो.

कणांचे काम कसे चालते?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. इटलीतील जिनोआ शहरात एक मोठी तंत्रविज्ञान संस्था आहे. तेथील फाबियो बेनफेनाती, ग्वेल्येल्मो लांझानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विशिष्ट प्लास्टिकचे सुमारे ३०० नॅनोमीटर आकाराचे कण बनवले. असे तीनशे कण एका रेषेत मांडले तर केसाच्या रुंदीइतकी जागा व्यापतील. हे साधे प्लास्टिक नव्हे. प्लास्टिकची सौर पॅनेले बनवण्याच्या संशोधनात जो पदार्थ वापरतात, तोच हा. प्रकाश पडला की त्यात विजेचा भार तयार होतो.

जन्मतःच ज्यांचा पडदा खराब होत जातो अशा जातीचे उंदीर प्रयोगशाळेत पाळलेले असतात. त्यांच्या पडद्याखाली हे कण टोचले. २०२० साली त्यांनी प्रसिद्ध केले की आंधळ्या झालेल्या उंदरांची नजर बऱ्याच अंशी परतली आणि एका इंजेक्शनचा परिणाम आठ महिन्यांपर्यंत टिकला. वर तार नाही, बॅटरी नाही, चष्मा नाही. २०२२ साली त्यांनी दाखवले की आजार अगदी पुढच्या अवस्थेला गेल्यावरही कणांचा उपयोग होतो.

या मार्गावर आपल्या देशातही काम झालेले आहे. बंगळुरू येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. के. एस. नारायण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, इस्रायलमधील तेल अवीवच्या शास्त्रज्ञांबरोबर, अशाच प्लास्टिकचा पातळ थर तयार केला. त्यावर कोंबडीच्या अंड्यातील पिल्लाचा पडदा ठेवला. त्या वयात पिल्लाच्या पडद्याला प्रकाश कळत नसतो. पण खालच्या थरावर प्रकाश टाकताच पडद्याच्या पेशी संदेश देऊ लागल्या. हे काम २०१४ साली प्रसिद्ध झाले.

आता सोन्याचे. त्या चित्रफितीतील उंदीर बहुधा अमेरिकेच्या ब्राऊन विद्यापीठातील कामाचा असावा. तेथील जियारुई नी व सहकाऱ्यांनी २०२५ साली हे काम प्रसिद्ध केले. सोन्याच्या अतिसूक्ष्म काड्या त्यांनी उंदराच्या डोळ्यात टोचल्या. या काड्या दुसऱ्या ओळीच्या पेशींना जाऊन चिकटतील अशी योजना केलेली होती. मग डोळ्याला न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या किरणांचा लेसर टाकला. सोन्याची काडी किंचित तापली आणि त्या उबेने शेजारची पेशी जागी झाली. म्हणजे इटलीच्या कणात विजेचे काम, आणि इथे उबेचे. उंदराच्या मेंदूत दृष्टीच्या भागात हालचाल उमटली आणि डोळ्याला मोठा अपाय दिसला नाही. पुढे माणसासाठी कॅमेरा आणि लेसर बसवलेला चष्मा करावा असा त्यांचा विचार आहे. चीनमधील फुदान विद्यापीठानेही २०२५ सालीच टेल्युरियम नावाच्या मूलद्रव्याच्या सूक्ष्म तारांचे काम उंदीर आणि माकडांवर करून प्रसिद्ध केले.

हे सगळे खरे आहे. चित्रफितीतला उंदीर खोटा नाही. खोटा आहे तो खालचा फोन नंबर. कारण आजपर्यंत अशा कणांचे इंजेक्शन जगातल्या कोणत्याही देशात अंधत्वावरचा उपचार म्हणून मान्य झालेले नाही. उंदराच्या डोळ्यापासून माणसाच्या डोळ्यापर्यंतची वाट लांब असते. आपला शेतकी विभाग नवी ऊसजात आली म्हणून लगेच सगळ्या कार्यक्षेत्रात लावा म्हणत नाही. आधी संशोधन केंद्रावर, मग चार ठिकाणच्या प्लॉटवर, मग लागण आणि खोडवा दोन्ही पाहून शिफारस करतात. माणसाच्या डोळ्याला तर खोडवाही नसतो.

माणसांपर्यंत काय पोचले?

कण पोचले नाहीत, पण त्यांचे दोन भाऊबंद माणसांपर्यंत पोचले आहेत.

पहिला म्हणजे चकती. अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॅनियल पालांकर यांनी कल्पिलेली ही चकती २ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद, म्हणजे साळीच्या दाण्याच्या तुकड्याएवढी. तिच्यात ३७८ बारीक सौर घरे आहेत. ती पडद्याखाली बसवतात. रुग्ण कॅमेऱ्याचा चष्मा लावतो. कॅमेरा समोरचे चित्र न दिसणाऱ्या किरणांतून चकतीवर टाकतो. म्हातारपणी पडद्याचा मधला भाग गेलेल्या ३८ जणांना युरोपातील पाच देशांत ही चकती बसवली. वर्षभरानंतर ३२ जणांची तपासणी झाली आणि त्यांतील २६ जणांच्या वाचण्यात लक्षणीय सुधारणा आढळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. मात्र दिसते ते रंगीत नाही. मोठी अक्षरे, एकेक करून, आणि तीही कित्येक महिने सराव केल्यावर. काहींना शस्त्रक्रियेचा त्रासही झाला.

दुसरा भाऊबंद म्हणजे जनुकाचे इंजेक्शन. शेवाळात प्रकाश ओळखणारे एक प्रथिन असते. ते तयार करण्याची कृती रुग्णाच्या पडद्यातील जिवंत पेशींना इंजेक्शनने द्यायची, म्हणजे त्या पेशीच प्रकाश टिपू लागतात. पॅरिस येथे ५८ वर्षांच्या एका गृहस्थावर हा प्रयोग झाला. त्यांना चाळीस वर्षांपासून हाच रातांधळेपणाचा आजार होता. खास चष्मा लावून त्यांना टेबलावरची वही, पेले आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे कळू लागले. हे २०२१ साली जाहीर झाले. आपल्या देशातही ओडिशातील कटक येथे अशाच जातीच्या एका औषधाचा पहिला मानवी प्रयोग झाला. समरेंद्र मोहंती या भारतीय शास्त्रज्ञाने अमेरिकेत काढलेल्या कंपनीचे ते औषध होते आणि ११ रुग्णांनी त्यात भाग घेतला होता.

एक जनुक उपचार अमेरिकेत २०१७ साली मान्यही झाला आहे. पण तो फक्त एका विशिष्ट जनुकाच्या दोषावर चालतो, आणि तेथे त्याची किंमत दोन्ही डोळ्यांची मिळून साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली. या आजाराला कारण होणारी जनुके डझनावारी आहेत. आपला दोष कोणत्या जनुकात आहे हे माहीत नसेल तर उपचार आला तरी तो आपल्यासाठी आहे की नाही हे कळणार नाही.

यंत्र बसवले, पण दुरुस्ती कोण करणार?

आपण सहकारातील माणसे. यंत्र घेताना सुटे भाग कुठे मिळतील हे आपण आधी विचारतो. डोळ्याच्या यंत्राबाबतही हा प्रश्न विचारावा लागतो, हे एका घटनेने शिकवले आहे. याच आजारासाठी अमेरिकेत २०१३ साली आर्गस नावाच्या यंत्राला मान्यता मिळाली होती. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतले. पुढे कंपनीला ते परवडेना. २०१९ साली तिने त्याचे काम थांबवले, २०२० साली ती दिवाळखोरीच्या तोंडाशी आली. ज्यांच्या डोळ्यात ते यंत्र होते, त्यांना बिघाड झाल्यावर दुरुस्तीला जागा उरली नाही. आंधळेपण एकदा सोसले, मग थोडे दिसू लागले, आणि पुन्हा अंधार. हे दुःख पहिल्यापेक्षा जड असणार.

म्हणून खरी वस्तू आली तरी विचारायचे की पाच वर्षांनी हिला कोण जबाबदार?

आपल्या विदर्भातील पाहणी

कोणी म्हणेल, हा आजार लाखात एखाद्याला होत असेल. तसे नाही. नागपूरच्या सूरज नेत्र संस्थेचे डॉ. विनय नांगिया यांनी जर्मनीच्या डॉ. योस्ट योनास यांच्याबरोबर २००६ ते २००८ या काळात खेड्यांतून मोठी पाहणी केली. आठ गावांतील तीस वर्षांवरील ४,७११ माणसांचे डोळे तपासले. त्यात रेटिनायटिस पिगमेंटोसाचे प्रमाण साधारण ७५० माणसांमागे एक आढळले. जगात सर्वसाधारणपणे चार हजारांत एक असे धरतात. गावागावांत फरक पडेल हे मान्य. पण आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मांडव भरतो तेव्हा त्या मांडवात असा एखादा सभासद बसलेला असेल, आणि तो अंधार पडायच्या आत घरी जायची घाई करीत असेल, असे समजायला हरकत नाही.

हे प्रमाण आपल्या भागात जास्त असण्याचे एक कारण नात्यातील लग्ने. हा विषय नाजूक आहे, तरी बोलले पाहिजे. प्रत्येक माणसाला जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवते आणि माणसाला पत्ताही नसतो. पण आई-बाप दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता असते की दोन्ही बिघडलेल्याच प्रती त्याच्या वाट्याला येतील. परक्या घरी तीच बिघडलेली प्रत असणे अवघड. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोपे, कारण आजा-आजी एकच. सगळ्या घरांत हा आजार असाच येतो असे नाही, त्याचे इतरही मार्ग आहेत. पण नात्यात लग्न झालेल्या घरांत हा मार्ग मोठा आहे.

आमच्या या सभासदाने मामाची मुलगी केलेली. मी हे समजावून सांगितले तेव्हा त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हंजे माह्यामुळं झालं काय, गुरुजी?" मी म्हणालो, "नाही बाई. तुझ्यामुळं नाही, ह्याच्यामुळं नाही. दोघांकडं अर्धं अर्धं होतं आणि ते कोणालाच दिसत नव्हतं. दोष कोणाचाच नाही. पण आता माहीत झालं, तर पुढच्या सोयरिकीला विचार करावा लागेल." कारण धाकट्या मुलीची सोयरीक आत्याच्या मुलाशी ठरल्यातच जमा होती.

मग करायचे काय?

सभासदांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) रात्री पाणी देताना कोणी वारंवार अडखळत, पडत असेल, तर त्याला आळशी समजू नका. डोळ्यात थेंब घालून मागचा पडदा तपासून घ्या.

२) लहान मुलांचा आणि गरोदर बाईचा रातांधळेपणा पुष्कळदा 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येतो. तो बरा होतो. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस मोफत मिळतात, ते चुकवू नका. पण तरुणपणी वाढत जाणारा पिढीजात रातांधळेपणा गाजरे खाऊन जात नाही.

३) पडद्याचा आजार सांगितला म्हणजे सगळे संपले असे नाही. या रुग्णांना मोतीबिंदू लवकर येतो, पडद्याला सूजही येते. या दोन्हींवर उपचार आहेत आणि राहिलेली नजर त्याने अधिक काळ कामी येते. काहींना ऐकूही कमी येते, म्हणून कानही तपासावेत.

४) मधुमेह असलेल्या प्रत्येक सभासदाने वर्षातून एकदा पडदा तपासावा. चांगले दिसते म्हणून थांबू नये. मधुमेहाने होणाऱ्या बिघाडावर लेसर आणि इंजेक्शने आजच उपलब्ध आहेत, पण ती वेळेवर घ्यावी लागतात. आपल्या मेळाव्यात बसलेल्या पिकल्या केसांच्या मंडळींना सर्वांत मोठा धोका याचाच आहे.

५) कोणी नवा उपचार सांगितला तर विचारा की मान्य उपचार की प्रयोग? प्रयोग असेल तर तो देशाच्या नोंदवहीत नोंदलेला असावा लागतो. ही नोंद २००९ पासून सक्तीची आहे. तिचा क्रमांक मागा. खऱ्या प्रयोगात औषधाचे पैसे घेत नाहीत, लेखी संमती तुमच्या भाषेत घेतात, आणि अपाय झाला तर भरपाईचा नियम आहे. जो प्रयोगही म्हणतो आणि निम्मे पैसे आगाऊ मागतो, त्याच्याकडून उठून या. मूळपेशींच्या नावाने चाललेल्या इंजेक्शनांनाही हाच नियम लावा. पडद्याच्या या आजारावर पैसे घेऊन ती विकण्यास आपल्या देशातील नियमांची परवानगी नाही.

६) चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरत असेल तर जिल्हा सामान्य रुग्णालयातून दाखला आणि दिव्यांग ओळखपत्र करून घ्या. ते मागण्यात कमीपणा नाही. तो २०१६ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

शेवटी

हे सगळे मी त्या सभासदाला त्याच्याच ओसरीवर बसून सांगितले. त्याने ऐकून घेतले. पण माझ्यावर त्याचा पुरता विश्वास बसला असे मला वाटले नाही. बापाच्या मनाला आशा सोडवत नाही. मी म्हणालो, "त्या माणसाला एवढंच विचार, नोंदणीचा क्रमांक काय." त्याने माझ्यासमोर फोन लावला आणि विचारले. पलीकडून आधी डॉक्टर बाहेर आहेत असे उत्तर आले, मग उद्या सांगतो, आणि तिसऱ्या दिवसापासून तो नंबर लागेनासा झाला.

इसार झाला नाही. बाप-लेक एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गेले. दिवसभर रांगेत बसले, पण तपासणी नीट झाली. रेटिनायटिस पिगमेंटोसाच निघाला. उजव्या डोळ्याच्या पडद्याला थोडी सूज होती, तिला थेंब दिले. जनुक तपासणीसाठी रक्त पाठवले. दाखला मिळाला. मुलगा आता रात्री वावरात जात नाही, पाण्याची पाळी बाप आणि चुलता वाटून घेतात. मोबाईल वाचून दाखवतो ते ऐकून मुलगा बारावीचा अभ्यास करतो आहे. मुलीची सोयरीक मोडली. आत्याला राग आला आणि ती यंदा राखीला माहेरी आली नाही. हेही सांगितले पाहिजे, कारण शहाणपणाचे मोल घरातल्या माणसांनाच द्यावे लागते.

परवा शेतकी ऑफिसात उसाच्या नोंदीसाठी तो भेटला. विहिरीजवळच्या त्याच दोन एकरांत लागण करणार म्हणाला. निघताना थांबला.

"गुरुजी, पन ते इंजेक्शन येईन ना कधीतरी?"

"येईल," मी म्हणालो. "कणांचं येईल, नाहीतर चकतीचं, नाहीतर जनुकाचं. कधी येईल ते मला सांगता येत नाही. पण येईल त्या दिवशी तुझ्याजवळ पोराच्या तपासणीचे सगळे कागद पाहिजेत, आणि वावर पाहिजे."

सभासद बंधूंनो, आपल्या घरात, भाऊबंदांत, तोडणीच्या टोळीत असे कोणी असेल तर त्याला हा अंक वाचून दाखवा. ज्याला रात्री दिसत नाही, त्याला बहुधा हे छापील अक्षरही लवकरच दिसेनासे होणार आहे. म्हणून वाचून दाखवायचे काम आपले.